प्रश्न वाचकांचे : ‘आता कुठे दाबू?’

गेल्या काही महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी बरीचशी एकाच गरजेभोवती फिरणारी आहेत. कार्यालयातल्या संगणकावर एखादे काम कसे करायचे, हे सहकाऱ्यांना पुन्हा पुन्हा दाखवावे लागते. ते एकदाच रेकॉर्ड करून ठेवता येईल का, आणि त्यासाठी वापरायला सोपे सॉफ्टवेअर कोणते, अशी विचारणा त्यांत आहे. त्यांतली पाच पत्रे, आवश्यक तेथे संक्षिप्त करून, या वेळी उत्तरांसह देत आहे.

प्रश्न : आमच्या पतसंस्थेच्या नऊ शाखा आहेत. दिवाळीनंतर आमच्याकडे नवे लेखा-सॉफ्टवेअर आले. ते शिकवणारी माणसे दोन दिवस येऊन गेली, आणि तेव्हापासून मुख्य कार्यालयात मी एकटाच ‘जाणकार’ ठरलो आहे. पिग्मीची वसुली कुठे भरायची, दिवसअखेर केल्यावर चूक सापडली तर काय करायचे, पासबुक छापताना ओळ खाली का सरकते, असे फोन दिवसभर चालू असतात. बोलून सांगायला गेलो की ‘आता कुठे दाबू?’ यापुढे गाडी सरकत नाही. भाच्याने ओबीएस स्टुडिओ घ्यायला सांगितले, परंतु ते उघडल्यावर एसटीच्या ड्रायव्हरला रेल्वेचे इंजिन हाती दिल्यासारखे वाटले आणि मी ते बंद केले. शाखांमध्ये विंडोज ११ आहे, माझ्या टेबलावर मात्र अजून विंडोज १० आहे. काहीतरी सोपे सुचवावे. (एक वाचक, सांगली)

उत्तर : तुमच्या भाच्याचा सल्ला चुकीचा नाही, तो तुमच्या कामाच्या मापाचा नाही, इतकेच. ओबीएस स्टुडिओ हे २०१२ पासून मिळणारे, विनामूल्य आणि मुक्त स्रोत सॉफ्टवेअर आहे. इंटरनेटवर थेट प्रक्षेपण करणाऱ्यांच्या गरजा डोळ्यांसमोर ठेवून ते घडत गेले. स्क्रीन, कॅमेरा, दोन माइक आणि कोपऱ्यातले बोधचिन्ह असे सगळे एकाच वेळी सांभाळायचे असेल, तर ते उत्तमच आहे. तुम्हाला मात्र पिग्मीच्या वसुलीची स्क्रीन आणि तुमचा आवाज, एवढेच सांभाळायचे आहे.

सॉफ्टवेअर सोपे आहे की नाही, हे बहुतेक जण ते पहिल्यांदा उघडल्यावर ठरवतात. मी ते दुसऱ्यांदा रेकॉर्ड करताना ठरवतो. आजवर जिथे जिथे मी असे काम केले किंवा करवून घेतले, तिथे पहिले रेकॉर्डिंग जसेच्या तसे वापरले गेल्याचे मला आठवत नाही. बोलताना खाते क्रमांक चुकतो, ऐन मोक्याला शाखेचा फोन वाजतो, आणि सगळे नीट जमलेच तर चार महिन्यांनी सॉफ्टवेअरवाले नवी आवृत्ती देतात आणि ‘सेव्ह’चे बटण डावीकडून उजवीकडे जाऊन बसते. म्हणून कोणतेही साधन पसंत करण्यापूर्वी घड्याळ लावून एक चाचणी घ्या. दोन मिनिटांचे एखादे काम रेकॉर्ड करा, त्यात मुद्दाम एक चूक ठेवा, आणि ती लक्षात आल्यापासून दुरुस्त फाइल शाखेच्या हातात पडेपर्यंत किती वेळ जातो ते मोजा. दहा मिनिटांच्या आत हे उरकले, तर ते साधन तुमच्यासाठी सोपे आहे. अर्धा तास लागला, तर त्याची बटणे कितीही मोठी आणि रंगीत असली तरी तीन महिन्यांत तुम्ही पुन्हा फोनवरच याल.

विंडोज ११ वर ही चाचणी सहज पार करणारे साधन आधीपासूनच बसवलेले असते. त्याचे नाव स्निपिंग टूल. स्क्रीनशॉट घेण्यासाठी ते पुष्कळांच्या परिचयाचे आहे. स्क्रीन रेकॉर्ड करण्याची सोय त्यात २०२३ मध्ये आली. ते उघडून व्हिडिओ कॅमेऱ्याच्या चिन्हावर क्लिक करायचे, ‘न्यू’ दाबून स्क्रीनचा हवा तेवढा भाग माउसने ओढून निवडायचा, माइकचे चिन्ह चालू आहे ना ते पाहायचे आणि ‘स्टार्ट’ दाबायचे. थांबवल्यावर एमपी-फोर स्वरूपातली फाइल तयार मिळते. एकदा निवडलेला भाग रेकॉर्डिंग चालू असताना बदलता येत नाही, त्यामुळे तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये छोट्या चौकटी इकडे-तिकडे उघडत असतील तर सरळ पूर्ण स्क्रीन निवडावी. काटछाटीची मोठी सोय यात नाही, आणि तुमच्या बाबतीत मी तो गुणच समजतो. जिथे कापाकापी करता येते, तिथे माणूस तीन मिनिटांच्या व्हिडिओवर दीड तास घालवतो. तोच व्हिडिओ नव्याने रेकॉर्ड करायला पाच मिनिटे पुरतात.

तुमच्या विंडोज १० मधल्या स्निपिंग टूलमध्ये ही सोय नाही. तिथे विंडोज आणि जी ही दोन बटणे एकत्र दाबली की गेम बार उघडतो, आणि विंडोज, अल्ट व आर दाबल्यावर रेकॉर्डिंग सुरू होते. त्याच्या नावावरून पतसंस्थेत तो शोभेल का, अशी शंका घेऊ नका. व्हाउचर भरतानाचे रेकॉर्डिंगही तो तितक्याच निमूटपणे करतो. परंतु खेळांसाठी बनल्यामुळे त्याला एक मर्यादा आहे. तो एका वेळी एकाच प्रोग्रामची विंडो टिपतो. डेस्कटॉप आणि फाइल एक्सप्लोरर त्याच्या कक्षेत येत नाहीत. तुमच्या सॉफ्टवेअरने पावतीचा नमुना वेगळ्या प्रोग्राममध्ये उघडला, तर पाहणाऱ्याला तो दिसणारच नाही आणि तुमचा आवाज मात्र ‘इथे प्रिंट दाबा’ असे सांगत राहील. म्हणून तुमच्याकडे पॉवरपॉइंट २०१६ किंवा त्यानंतरचे असेल, तर मी ते सुचवीन. त्यात ‘इन्सर्ट’खाली ‘स्क्रीन रेकॉर्डिंग’ असते. भाग निवडायचा, काम करून दाखवायचे, विंडोज, शिफ्ट आणि क्यू दाबून थांबवायचे. व्हिडिओ स्लाइडवर येऊन बसतो, आणि त्यावर उजवे क्लिक करून ‘सेव्ह मीडिया ॲज’ म्हटले की स्वतंत्र फाइल मिळते. जाता जाता एक सांगतो : विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टने दिलेला नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे, आणि लोकांच्या ठेवी सांभाळणाऱ्या संस्थेत, त्यातही मुख्य कार्यालयात, तो संगणक तसाच राहू नये. संचालक मंडळापुढे हा विषय नेण्यास रेकॉर्डिंगचे निमित्तही चालेल.

तुम्ही दिलेल्या तीन अडचणींपैकी पासबुकाच्या ओळीसाठी मात्र व्हिडिओ करूच नका. तिथे दाखवायचे असते ते एकच ठिकाण, फार तर दोन. त्या स्क्रीनचा एक स्क्रीनशॉट घ्या, बदलायच्या आकड्याभोवती लाल चौकट काढा आणि तो कागद छापून पासबुकाच्या प्रिंटरशेजारी चिकटवा. ग्राहक काउंटरवर उभा असताना कोणी व्हिडिओ पाहत बसत नाही. पिग्मीच्या वसुलीचे तसे नाही. तिथे एकामागून एक सात-आठ पायऱ्या आहेत, क्रम चुकला तर रक्कम भलत्याच तारखेला पडते, आणि माउस कुठून कुठे गेला हे दिसल्याखेरीज ते कळत नाही. तिथे व्हिडिओ हवाच.

रेकॉर्डिंगला बसण्यापूर्वी कागदावर दोन रकाने आखा. मुंबईच्या आयआयटीतल्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात संगणक शिकवणारे साधारण दहा-दहा मिनिटांचे पाठ तयार करतात. तिथे आधी संहिता लिहितात, तिच्या डाव्या रकान्यात स्क्रीनवर काय दिसणार ते आणि उजव्या रकान्यात काय बोलायचे ते असते. पिग्मीसाठी तुमचा पहिला रकाना म्हणेल, ‘व्यवहार मेनू, त्यात दैनिक ठेव, त्यात एजंट वसुली’. दुसरा म्हणेल, ‘आधी तारीख पाहा. काल दिवसअखेर झाली नसेल तर इथे कालचीच तारीख दिसेल, आणि पुढे जायचे नाही.’ हे दुसरे वाक्य तुम्ही फोनवर दिवसातून चार वेळा सांगत असाल, पण कागद नसेल तर रेकॉर्डिंगच्या वेळी नेमके तेच विसराल. माउस बोलण्याबरोबर गोल गोल फिरवू नका. ज्या बटणावर क्लिक करायचे तिथे तो नेऊन क्षणभर थांबवा, बटणाचे नाव घ्या, मग क्लिक करा. आणि एका व्हिडिओत एकच काम ठेवा. नऊ शाखांमधला कारकून ‘सॉफ्टवेअरची संपूर्ण माहिती’ कधीच उघडणार नाही. ‘पिग्मी वसुली भरणे’ हे नाव दिसले तर उघडेल.

राहिला आवाज. पूर्वी एका कार्यालयासाठी मी सलग ४० मिनिटे मोठ्या तन्मयतेने समजावून सांगितले, आणि शेवटी पाहिले तर व्हिडिओत एकही शब्द नव्हता. हेडफोन माझ्या कानावर होता, परंतु संगणकाने माइक म्हणून निवडला होता तो बंद करून ठेवलेल्या वेबकॅमचा. तेव्हापासून मी आधी दहा सेकंदांचे रेकॉर्डिंग करून ते ऐकतो, मगच कामाला लागतो. महागड्या माइकची गरज नाही. फोनबरोबर येणारा वायरचा हेडफोनसुद्धा लॅपटॉपच्या अंगच्या माइकपेक्षा बहुधा बरा निघतो, कारण तो तोंडाजवळ असतो आणि पंख्यापासून लांब.

प्रश्न : आमच्या कारखान्यात माल आत-बाहेर झाल्याची नोंद कामगारांना स्वतःच करावी लागते. ती कशी करायची, याचा १२ मिनिटांचा व्हिडिओ मी तयार केला. ई-मेलने तो जाईना, म्हणून व्हॉट्सॲपवर पाठवला, तर त्यातली अक्षरे वाचता येत नाहीत, अशी तक्रार आली. शिवाय निम्म्या कामगारांना मराठीपेक्षा हिंदी बरी समजते. माझ्या लॅपटॉपवर व्हिडिओ सुरेख दिसतो. दुसरे सॉफ्टवेअर घ्यावे का? (एक वाचक, पिंपरी-चिंचवड)

उत्तर : सॉफ्टवेअर बदलून हे सुटणार नाही. आधी आकाराचा हिशोब पाहू. तुमचा रेकॉर्डर सेकंदाला २,५०० किलोबिट या दराने लिहीत असेल, असे धरा. हा दर नेहमीच्या वापरातला आहे. आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे मिनिटाला सुमारे १९ एमबी, आणि १२ मिनिटांना सव्वादोनशे. जीमेलची मर्यादा २५ एमबी. म्हणजे दीड मिनिटापलीकडचा व्हिडिओ त्या वाटेने जाणारच नव्हता. व्हॉट्सॲपवर तो व्हिडिओ म्हणून पाठवला की ते त्याला दाबून लहान करते, आणि या दाबण्यात सर्वांत आधी बारीक अक्षरांचा बळी जातो. माणसाचा चेहरा थोडा पुसट झाला तरी ओळखू येतो. ‘८’ पुसट झाला की तो ‘३’ होतो. तोच व्हिडिओ ‘डॉक्युमेंट’ म्हणून जोडला, तर मूळ फाइल जशीच्या तशी जाते, आणि २०२२ पासून तिथे २ जीबीपर्यंतची फाइल चालते.

तरीही अक्षरे वाचता येतील याची खात्री नाही, कारण दुसरी अडचण आकाराची नसून लांबी-रुंदीची आहे. तुमच्या लॅपटॉपची स्क्रीन एक फुटाहून थोडी अधिक रुंद आहे. कामगाराने फोन आडवा धरला तरी ती पंधरा सेंटिमीटरवर येते, म्हणजे प्रत्येक अक्षर निम्म्याहून लहान. आणि तो उभा धरला, जसा आपण सगळेच धरतो, तर पाचवा हिस्सा उरतो. म्हणून पूर्ण स्क्रीन रेकॉर्ड करू नका. नोंदीचा फॉर्म ब्राउझरमध्ये उघडत असेल तर कंट्रोल आणि अधिकचे चिन्ह दाबून तो दीडपट करा, ब्राउझरची विंडो लहान करा, आणि फॉर्मचा तेवढाच भाग निवडून रेकॉर्ड करा. ब्राउझरमध्ये उघडत नसेल, तर विंडोजच्या ‘डिस्प्ले’मध्ये ‘स्केल’ १५० टक्के करून पाहा. मग तो व्हिडिओ लॅपटॉपवर न पाहता स्वतःच्या फोनवर, हात लांब करून, पाहा. तिथे वाचता आला तरच पाठवा.

मायक्रोसॉफ्टचे झूमइट नावाचे छोटे, विनामूल्य साधन इथे फार कामाला येते. कंट्रोल आणि १ दाबले की माउसभोवतीचा भाग मोठा होतो, कंट्रोल आणि २ दाबले की स्क्रीनवर रेघ ओढता येते, एस्केप दाबले की सगळे पूर्ववत. कंट्रोल आणि ५ दाबून त्यातच रेकॉर्डिंगही होते. जानेवारी २०२५ पासून ते मायक्रोसॉफ्टच्याच पॉवरटॉइज या छोट्या साधनांच्या संचातही मिळते. कंपनीच्या संगणकावर काही नवे बसवायला माहिती-तंत्रज्ञान विभागाची परवानगी लागत असेल, तर मायक्रोसॉफ्टचेच असल्यामुळे ही परवानगी त्यातल्या त्यात लवकर मिळते, असा अनुभव आहे.

सेकंदाला किती चित्रे, हा आकडाही उतरवता येतो. खेळांसाठी ३० किंवा ६० ठेवतात. फॉर्म भरून दाखवायला १५ पुरेत. आणि १२ मिनिटे कशासाठी? माल आत येणे हा एक व्हिडिओ, बाहेर जाणे हा दुसरा, आणि चुकीची नोंद रद्द करणे हा तिसरा. तिसरा सर्वांत जास्त पाहिला जाईल.

हिंदीसाठी सगळे नव्याने करण्याचे कारण नाही. वर ज्या स्पोकन ट्युटोरियलचा उल्लेख केला, तिथे मूळ व्हिडिओ तोच ठेवून मराठीसह अनेक भारतीय भाषांत फक्त आवाज बदलतात. भाषांतराच्या कागदावर एका रकान्यात वेळ आणि दुसऱ्यात वाक्य असते, म्हणजे २० व्या सेकंदाला जे दिसते त्याबद्दल २० व्या सेकंदालाच बोलले जाते. तुम्हीही चित्र आधी, न बोलता आणि थोडे सावकाश रेकॉर्ड करा. मग विंडोज ११ बरोबर येणाऱ्या क्लिपचॅम्प या व्हिडिओ जुळवण्याच्या साधनात त्यावर एकदा मराठी आणि एकदा हिंदी आवाज चढवा. हिंदीसाठी प्रत्यक्ष कामाच्या जागेवरच्या, म्हणजे शॉप फ्लोअरवरच्या, एखाद्या जुन्या कामगाराला बसवलेत तर अधिक चांगले. तो ‘सामग्री प्राप्ति’ म्हणणार नाही, ‘माल आया’ म्हणेल. फॉर्ममध्ये पुढे एखादा रकाना बदलला, तर चित्र पुन्हा करावे लागेल, पण दोन्ही कागद तयार असल्यामुळे ते एका दुपारचे काम ठरेल.

प्रश्न : मी लेखापालांच्या कार्यालयात नव्या मुलांना टॅलीप्राइम शिकवतो. ओबीएस वापरतो आणि मला ते जमते. तीन अडचणी आहेत. नव्या लॅपटॉपवर रेकॉर्डिंगमध्ये फक्त काळी स्क्रीन येते. परवा वीज गेली आणि तासाभराची फाइल उघडेनाशी झाली. आणि मुले म्हणतात, ‘सर, तुम्ही काय दाबले ते दिसत नाही.’ (एक वाचक, नागपूर)

उत्तर : काळ्या स्क्रीनचे नेहमीचे कारण असे, की अनेक लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स चिप असतात, एक वीज वाचवणारी आणि एक ताकदीची. स्क्रीन पहिलीवर चाललेली असते आणि ओबीएस दुसरीवर सुरू होते, म्हणून ‘डिस्प्ले कॅप्चर’च्या हाती काहीच लागत नाही. विंडोजच्या सेटिंगमध्ये ‘सिस्टिम’, ‘डिस्प्ले’, ‘ग्राफिक्स’ या वाटेने जाऊन ओबीएसला ‘पॉवर सेव्हिंग’ लावा आणि ते पुन्हा सुरू करा. केवळ एखादीच विंडो काळी येत असेल आणि बाकी सर्व दिसत असेल, तर ती त्या प्रोग्रामने मुद्दाम घातलेली बंदी असू शकते. बँकांची फोनवरची ॲप अशीच स्क्रीनशॉट घेऊ देत नाहीत, आणि तिथे मार्ग शोधत बसू नये.

वीज गेल्यावर फाइल मेली, याचे कारण साधी एमपी-फोर फाइल पूर्ण होण्यासाठी शेवटी स्वतःची अनुक्रमणिका लिहिते. ती लिहिण्यापूर्वीच संगणक बंद पडला, तर आत चित्र असूनही फाइल उघडत नाही. एमकेव्ही स्वरूपात तसे होत नाही. जिथवर रेकॉर्ड झाले तिथवरचे वाचते. म्हणून रेकॉर्डिंग एमकेव्हीमध्ये करा आणि नंतर ओबीएसच्याच ‘फाइल’ मेनूतल्या ‘रिमक्स रेकॉर्डिंग्ज’ने एमपी-फोर करून घ्या. त्यात चित्राचा दर्जा बदलत नाही आणि वेळही अगदी थोडा लागतो. तरीही तासाभराचे एकच रेकॉर्डिंग का करता, हा प्रश्न मला आहेच.

तिसरी अडचण टॅलीच्या स्वभावातून आलेली आहे. ब्राउझरवर चालणाऱ्या कामात माउस दिसतो, त्यामुळे पाहणाऱ्याला माग काढता येतो. टॅलीत हात कीबोर्डवर असतात. तुम्ही एफ-फाइव्ह दाबता आणि स्क्रीनवर एकाएकी पेमेंट व्हाउचर उगवते. दाबलेली बटणे स्क्रीनच्या कोपऱ्यात दाखवणारी साधने आहेत, उदाहरणार्थ विंडोजसाठी कारनॅक आणि मॅकसाठी कीकास्टर, दोन्ही विनामूल्य. मी मात्र आधी सवय बदलायला सांगेन. दाबण्यापूर्वी बटणाचे नाव घ्या आणि का दाबतो ते सांगा : ‘रोख बँकेत भरली, म्हणजे आपलेच पैसे एका खिशातून दुसऱ्या खिशात, म्हणून एफ-फोर, कॉन्ट्रा.’ कोपऱ्यातली अक्षरे बटण दाखवतील, कारण दाखवणार नाहीत. आणि हीच मुले परीक्षेच्या दिवशी एफ-सिक्स (रिसीट) आणि एफ-सेव्हन (जर्नल) यांची अदलाबदल करतात. सरावासाठी आणि रेकॉर्डिंगसाठी वेगळी काल्पनिक कंपनी उघडा. मुले घरी टॅलीच्या शैक्षणिक मोडमध्ये, म्हणजे परवाना न घेता, सराव करत असतील, तर तिथे महिन्याच्या १, २ आणि ३१ अशा ठरावीक तारखांनाच व्हाउचर पडते, तेव्हा रेकॉर्डिंगमधली उदाहरणेही त्याच तारखांची घ्या. एरवी १५ तारखेची तुमची नोंद त्यांच्याकडे होणार नाही आणि त्यांना वाटेल की आपलेच चुकले.

प्रश्न : आमच्या हॉटेलच्या स्वागतकक्षात हंगामापुरती नवी मुले येतात. त्यांना आरक्षणाचे सॉफ्टवेअर आणि परदेशी पाहुण्यांची माहिती सरकारी संकेतस्थळावर भरण्याचे काम दाखवायचे असते. व्यवस्थापक लूम हे इंटरनेटवर चालणारे स्क्रीन रेकॉर्डर वापरा म्हणतात, कारण लगेच लिंक मिळते. पाहुण्यांची नावे, पासपोर्ट क्रमांक वगैरे व्हिडिओत दिसले तर चालते का? नंतर धूसर करता येते, असे ऐकले आहे. (एक वाचक, पणजी)

उत्तर : चालत नाही. डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण अधिनियम २०२३ साली झाला आहे, पण कायदा बाजूला ठेवला तरी पाहुण्याने पासपोर्ट दिला तो खोलीसाठी, तुमच्या प्रशिक्षणासाठी नव्हे. शिवाय तुमच्याकडची मुले हंगामी आहेत. मे महिन्यात ती निघून जातील. व्हिडिओची लिंक त्यांच्या फोनमध्ये राहील.

धूसर करण्यावर विसंबू नये. एक तर पानाबरोबर मजकूर वरखाली सरकतो आणि धूसर चौकट जागच्या जागी राहते, त्यामुळे अर्धा सेकंद का होईना, क्रमांक उघडा पडतो, आणि व्हिडिओ थांबवून पाहणाऱ्याला तेवढा पुरतो. दुसरे, हलकेसे धूसर केलेले आकडे पुन्हा ओळखता येण्याचा धोका असतो. झाकायचेच असेल तर अपारदर्शक पट्टी मारा. सर्वांत चांगले म्हणजे झाकण्यासारखे काही रेकॉर्डच होऊ देऊ नका. आरक्षणाच्या सॉफ्टवेअरमध्ये सरावाची वेगळी प्रत देता का, हे विक्रेत्याला विचारा. बहुतेकांकडे ती असते, फक्त मागितल्याशिवाय कोणी देत नाही. तिच्यात ‘चाचणी पाहुणा एक’, ‘चाचणी पाहुणा दोन’ अशी नावे भरा. सरकारी संकेतस्थळावर मात्र खोटी माहिती भरून दाखवण्याचा मोह टाळा. तिथे रिकाम्या फॉर्मचे स्क्रीनशॉट घ्या, कुठल्या रकान्यात पासपोर्टच्या कोणत्या पानावरचे काय जाते ते बाणांनी दाखवा, आणि ‘सबमिट’चे बटण चित्रातच राहू द्या.

लूम खरोखरच सोपे आहे, ते नाकारण्याचे कारण नाही. रेकॉर्ड थांबवले की व्हिडिओ त्यांच्या सर्व्हरवर गेलेला असतो आणि लिंक तयार असते. विनामूल्य योजनेत एका व्हिडिओला ५ मिनिटांची मर्यादा आहे, जी मला तर उपकारकच वाटते. ही कंपनी २०२३ मध्ये ॲटलासियन या मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीने विकत घ्यायचे ठरवले, तेव्हा त्यामागे कोणी अनोळखी माणूस बसला आहे असेही नाही. परंतु व्हिडिओ तुमच्या संगणकावर न राहता दुसरीकडे जातो आणि ज्याच्याकडे लिंक पोहोचेल त्याला तो पाहता येऊ शकतो. ‘न्याहारीची वेळ बदलणे’ यासारख्या निरुपद्रवी कामासाठी ते खुशाल वापरा. पाहुण्याची माहिती स्क्रीनवर येण्याची जरा जरी शक्यता असेल, तिथे फाइल आपल्याच संगणकावर ठेवणारे साधन घ्या.

रेकॉर्डिंगपूर्वी सूचना बंद करा, व्हॉट्सॲप वेब बंद करा, आणि ब्राउझरची नवी, कोरी प्रोफाइल उघडा. नाव भरायला रकान्यात एक अक्षर टाकले की ब्राउझर मागच्या पाच पाहुण्यांची नावे आपणहून सुचवतो, हे स्वागतकक्षात कोणाच्याच लक्षात येत नाही.

प्रश्न : आमच्या साहेबांनी कॅमटेशिया या स्क्रीन रेकॉर्ड करणाऱ्या सशुल्क सॉफ्टवेअरची ‘क्रॅक’ केलेली, म्हणजे परवान्याचे कुलूप तोडलेली, प्रत पेनड्राइव्हवर दिली आहे आणि सर्वांनी तीच वापरावी असे सांगितले आहे. ते योग्य आहे का? शिवाय कार्यालयात दोन मॅक आहेत, त्यांचे काय करावे? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : योग्य नाही, आणि केवळ बेकायदा आहे म्हणून नव्हे. स्क्रीन रेकॉर्डर हा असा प्रोग्राम आहे, की तो स्क्रीनवरचे सर्व पाहतो आणि माइकमधून सर्व ऐकतो, आणि हे सर्व तुम्ही स्वतः त्याला परवानगी देऊन करू देता. कोणा अनोळखी हाताने आतून बदललेला प्रोग्राम घ्यायचाच झाला, तर हा सर्वांत शेवटी घ्यावा. अशी प्रत चालवण्यासाठी बहुधा अँटिव्हायरस बंद करायला सांगतात, त्यातच काय ते समजावे. कॅमटेशिया हे चांगले सॉफ्टवेअर आहे. ज्याला व्हिडिओत ठिकठिकाणी भाग मोठा करून दाखवणे, उपशीर्षके देणे, बाण फिरवणे असे काम रोज करायचे आहे, त्याने एक प्रत रीतसर विकत घ्यावी. सर्वांना ती लागत नाही. बाकीच्यांनी स्निपिंग टूलवर रेकॉर्ड करून फाइल त्या एकाकडे द्यावी. बँडिकॅमसारख्या सशुल्क साधनांच्या विनामूल्य आवृत्त्या व्हिडिओच्या वरच्या बाजूला आपले नाव छापतात आणि १० मिनिटांनंतर थांबतात, हेही लक्षात असू द्यावे. ग्राहकाला दाखवायच्या व्हिडिओवर ते बरे दिसत नाही.

मॅकवर काहीच बसवावे लागत नाही. २०१८ मध्ये आलेल्या मॅकओएसच्या मोहावे आवृत्तीपासून शिफ्ट, कमांड आणि ५ ही बटणे एकत्र दाबली की खाली एक पट्टी येते. तिच्यातून पूर्ण स्क्रीन किंवा निवडलेला भाग रेकॉर्ड करता येतो, आणि थांबवण्याचे बटण वरच्या मेनूपट्टीत दिसते. त्याच पट्टीतल्या ‘ऑप्शन्स’मध्ये माइक निवडावा लागतो. तिथे सुरुवातीला ‘नन’ असे लिहिलेले असते, आणि ते न पाहता ‘रेकॉर्ड’ दाबले, तर वर सांगितलेल्या माझ्या ४० मिनिटांसारखाच एक मूक व्हिडिओ हाती येतो.